चुकून घेतलेला घोट



वसंत व्याख्यानमालेत वसंताला शोभेल असा विषय घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. या व्यासपीठावर साहित्य, संगीत, इतिहास, तत्त्वज्ञान यांवर बोलणारे विद्वान येतात आणि श्रोते प्रसन्न मनाने घरी जातात. आम्ही आज आपणापुढे जो विषय मांडणार आहोत तो मात्र मुळीच प्रसन्न नाही. संडास धुण्याचे ॲसिड, कॉस्टिक सोडा, मोटारीच्या बॅटरीतले पाणी, सोनाराचे तेजाब यांसारखे एखादे जाळणारे द्रव्य चुकून पोटात गेले तर पुढे काय काय होते, हा तो विषय. तरीही तो आम्ही वसंतातच मांडीत आहोत, याला कारण आहे.

अशा अपघाताला हे दिवस फार अनुकूल असतात. शाळांना सुट्टी लागलेली असते. मुंबई-पुण्याची मुले आजोळी आलेली असतात. कोणती वस्तू कोणत्या कोनाड्यात असते हे त्यांना ठाऊक नसते. उन्हाने घसा कोरडा पडलेला असतो. बागेतून किंवा समुद्रावरून खेळून आलेले पोर धावत घरात शिरते आणि हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावते. आणि आपल्या कोकणातल्या घरात रिकामी बाटली कधी फेकली जात नाही, हेही आपण जाणतो. आज तिच्यात कोकमाचे सरबत असते, उद्या आगळ, परवा खोबरेल आणि तेरवा न्हाणीघरात लागणारे ॲसिड. काटकसर हा आपला गुण आहे, त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या अपघातांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांतले पुष्कळसे या एकाच गुणाच्या पोटी जन्मतात : भलत्या बाटलीत भलते द्रव्य.

आम्ल आणि क्षार या दोन वस्तू आपल्या घराला नव्या नाहीत. आपल्या आज्या-पणज्या तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घाशीत, ते आम्लच. चुलीतली राख भांड्यांना लावीत. त्या राखेत क्षार. पानाच्या डब्यातला चुना हाही क्षारच, आणि आपल्या किनाऱ्यावर तर तो शिंपले भाजूनच केला जाई. आयुर्वेदानेही या द्रव्यांचा अभ्यास केला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार कसा सिद्ध करावा यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि दुर्बल, बालक, वृद्ध अशा कोणाकोणावर त्याचा प्रयोग करू नये, याचीही यादी दिली आहे. म्हणजे जी वस्तू जाळून रोग बरा करते तीच वस्तू अस्थानी पडली तर माणूस जाळते, ही जाण आपल्या शास्त्राला पुरातन काळापासून आहे.

फरक पडला तो तीव्रतेत. आमसुलातले आम्ल आणि संडास धुण्याच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल ही एका जातीची असली तरी एका पायरीवरची नव्हेत. जे काम करायला आजीला अर्धा तास घासावे लागे ते काम आजची बाटली पाच मिनिटांत करते. ही शक्ती आपण पैसे देऊन विकत आणली. पण ती शक्ती लादीवरचा डाग आणि मुलाचा घसा यांत भेद करीत नाही, हे लक्षात घेतले नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. 'विष' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. विष पोटात जाते, रक्तात भिनते, आणि ते भिनण्याआधी ओकून काढले तर माणूस वाचतो. काही विषांच्या बाबतीत या चित्रात तथ्य आहे. दाहक द्रव्यांच्या बाबतीत ते सर्वस्वी चुकीचे आहे, आणि या चुकीच्या चित्रामुळेच घरोघरी चुकीचे उपचार होतात. दाहक द्रव्याला रक्तात भिनण्याची गरजच नसते. ते जेथे लागते तेथेच आणि लागल्या क्षणीच आपले काम करते. १९७१ साली अमेरिकेत या बाबतीत प्राण्यांवर प्रयोग झाले. सुमारे ३० टक्के तीव्रतेचे कॉस्टिक सोड्याचे पाणी अन्ननलिकेला केवळ एक सेकंद लागले, तरी तिची भिंत आरपार जळाली. एक सेकंद! आई हाक ऐकून माजघरातून न्हाणीघरापर्यंत पोचायलाही त्याहून अधिक वेळ लागतो.

जळते म्हणजे काय होते, हे आपल्या रत्नागिरीकरांना समजावून सांगणे सोपे आहे. काजूच्या बियांचे काम करणाऱ्या बाया येथे घरोघरी आहेत. ओली बी फोडताना तिच्या टरफलातले तेल हाताला लागले की बोटांची साले निघतात, आणि एखाद्या पोराने अधीरपणे कच्ची बी दातांनी फोडली तर ओठ फोडांनी सुजून येतात. हाताची कातडी जाड, कष्टाने राठ झालेली; तिची ही दशा. अन्ननलिकेचे अस्तर तर ओठांच्या आतल्या बाजूसारखे मऊ आणि ओलसर असते. घशापासून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची ही मऊ नळी. तिच्यावरून काजूच्या तेलाच्या कितीतरी पट जहाल द्रव्य ओघळत जाते, अशी कल्पना करावी.

आम्ल आणि क्षार यांची जाळण्याची तऱ्हा मात्र वेगळी आहे. दुधात लिंबू पिळले की ते नासते, त्याच्या गुठळ्या होतात. आम्ल शरीरातल्या मांसाचे काहीसे तसेच करते. ही साखळलेली, मेलेली खपली काही अंशी पुढच्या आम्लाला अडविते. क्षाराचे तसे नाही. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात हे आपल्याला माहीत आहे. शरीरातल्या स्निग्ध भागाचेही तो असेच साबण करून टाकतो, मांस विरघळवितो, आणि वाट मऊ करीत खोल खोल उतरत जातो. म्हणून क्षाराने अन्ननलिकेची हानी फार होते. तर आम्ल घशातून वेगाने खाली उतरून जठराच्या तळाशी, जेथून अन्न आतड्यात जाते त्या दाराजवळ, साचून राहते आणि ते दार जाळते. यावरून आम्ल अन्ननलिकेला सोडून देते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पाश्चात्त्य पुस्तकांत पूर्वी तसे लिहीत, कारण त्यांच्याकडे क्षाराचे अपघात जास्त. आपल्या देशात संडास धुण्यासाठी स्वस्त आम्ल घरोघरी येते, म्हणून आपले अपघात आम्लाचे. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. झरगर, डॉ. कोच्छर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तीव्र आम्ल अन्ननलिका व जठर या दोहोंनाही सारखेच सोलून काढते असे दाखवून दिले.

आता या आजाराचा क्रम पाहू; कारण आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती हा क्रम होय. पहिल्या तासात ओठ, जीभ, घसा यांची आग होते, लाळ गळते, गिळवत नाही, छातीत किंवा पाठीत कळ येते. आवाज घोगरा झाला, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर स्वरयंत्राला सूज आली असे समजावे. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते, आणि पहिल्या काही तासांतला सर्वांत मोठा धोका हाच असतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत अन्ननलिकेला किंवा जठराला आरपार भोक पडले तर ताप येतो, पोट लाकडासारखे कडक होते, आणि ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर रुग्ण दगावतो.

येथवरचे सर्व भयंकर असले तरी ते दिसणारे आहे. म्हणून माणसे धावपळ करतात. खरा फसवा काळ पुढे येतो. आठ-दहा दिवसांत तोंडातले फोड बरे होतात. आग थांबते. मूल पेज पिऊ लागते, मग मऊ भात खाऊ लागते. घरचे म्हणतात, देवाच्या कृपेने सुटलो. आणि नेमके याच काळात आत दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक, मेलेला भाग गळून पडत असतो आणि अन्ननलिकेची भिंत सुमारे दुसऱ्या आठवड्यात सर्वांत दुबळी झालेली असते. दुसरी, जखम भरून येऊ लागलेली असते. जखम भरणे ही चांगलीच गोष्ट. परंतु भाजलेली जखम भरते तेव्हा कातडी कशी आवळते, हे ज्यांनी भाजलेला हात पाहिला आहे त्यांना सांगायला नको. हाताचा वण आवळला तर बोटे वाकडी होतात. नळीच्या आतला वण आवळला तर नळी बंद होते.

तिसऱ्या आठवड्यापासून हे आवळणे जाणवू लागते. आधी भाकरीचा तुकडा अडकतो. मूल म्हणते, पाण्याबरोबर जातो. मग भात अडकतो. मग पेज. काही महिन्यांत अशी वेळ येते की स्वतःची थुंकीही गिळता येत नाही. ज्यांच्या जठराचे खालचे दार आवळले त्यांना गिळता येते, पण खाल्लेले पुढे सरकत नाही. पोट फुगते आणि खाल्लेले सगळे तासाभराने उलटून पडते. घासभर अन्न समोर आहे, भूक आहे, आई भरवायला बसली आहे, आणि अन्न आत जात नाही! दाहक द्रव्याचा खरा आजार हा आहे. पहिली किंकाळी हा त्याचा आरंभ, शेवट नव्हे.

म्हणून तोंडात जखम दिसत नाही, यावर विसंबू नये. तोंड कोरे आणि अन्ननलिका जळलेली, असे घडते. तोंड भाजलेले आणि आत सर्व ठीक, असेही घडते. आतले खरे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे दुर्बिणीची तपासणी. बारीक लवचीक नळी घशातून घालून डॉक्टर आतली भिंत डोळ्यांनी पाहतात. ती शक्यतो पहिल्या २४ तासांत व्हावी. दुसऱ्या आठवड्यात भिंत दुबळी असल्यामुळे नळी घालणेच धोक्याचे होते. चंडीगढच्या याच मंडळींनी १९९१ साली ८१ रुग्णांच्या तपासण्यांवरून जखमांच्या पायऱ्या ठरविल्या, आणि त्या आज जगभर वापरल्या जातात. वरवर लाली किंवा उथळ व्रण असलेले त्यांचे सर्व रुग्ण काहीही दोष न राहता बरे झाले. खोल किंवा नळीला वेढा घालणारे व्रण असलेल्यांपैकी बहुतेकांना, आणि भिंत काळी पडून मेलेल्यांपैकी जे वाचले त्या सर्वांना, पुढे नळी किंवा जठर आवळण्याचा त्रास झाला. म्हणजे पहिल्या दिवशीच पुढच्या सहा महिन्यांचे भविष्य बरेचसे सांगता येते. ज्याची जखम हलकी त्याला दोन दिवसांत निर्धास्तपणे घरी जाता येते. ज्याची खोल, त्याला किती जपावे लागेल हे आधी कळते.

हा वण आवळू नये म्हणून काही औषध आहे काय, असे आपण विचाराल. डॉक्टरांनीही ही आशा पुष्कळ वर्षे बाळगली. सूज ओसरविणारी स्टेरॉइड औषधे दिली तर वण मऊ राहील, असे वाटत होते. अमेरिकेत १८ वर्षांच्या काळात ६० मुलांवर याची रीतसर परीक्षा करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला : काही उपयोग झाला नाही, जखम किती खोल यावरच सारे अवलंबून. आजही वण हमखास रोखील असे खात्रीचे औषध वैद्यकाच्या हाती नाही.

मग उरते ते रुंदावणे. आवळलेल्या जागेतून क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या काठ्या किंवा फुगा घालून वाट मोकळी करतात. एकदा केले की भागत नाही. वण पुन्हा आवळतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. असे कधी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. तोवर शरीर पोसले जावे म्हणून पोटावर छिद्र पाडून थेट आतड्यात नळी घालतात आणि तीतून पातळ अन्न देतात. इतके करून वाट उघडत नाही तेव्हा मोठी शस्त्रक्रिया करून जठर किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वर ओढून अन्ननलिकेच्या जागी जोडतात. ही शस्त्रक्रिया आज आपल्या देशात होते आणि तिने अनेकांना पुन्हा जेवता येते. परंतु ती थोड्याच ठिकाणी होते. आपल्या रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. मुंबई सव्वातीनशेहून अधिक. दर पंधरवड्याला मुलाला घेऊन ही वाट तुडवायची म्हणजे बापाचा रोजगार बुडणार, भावंडांची आबाळ होणार, मुलाची शाळा सुटणार. आजार एका नळीचा, पण तो सारे घर आवळतो. शिवाय असा वण बाळगणाऱ्याला काही दशकांनंतर त्याच जागी कर्करोग होण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही, गिळायला पुन्हा त्रास होऊ लागला तर, 'जुनेच दुखणे' म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

आता प्रश्न पहिल्या दहा मिनिटांचा. अपघात झाला, घरात गर्दी जमली, जो तो उपाय सांगतो. एक म्हणतो मिठाचे पाणी पाजा, दुसरा घशात बोट घालतो, तिसरा लिंबू, चौथा ताक, पाचवा एरंडेल. हे सर्व प्रेमापोटी होते, आणि यांतले पुष्कळसे घातक असते. उलटी झाली की जे द्रव्य एकदा खाली जाताना जाळीत गेले तेच वर येताना दुसऱ्यांदा जाळीत येते, आणि श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसेही जाळते. मिठाचे पाणी लहान मुलाला स्वतंत्रपणेच अपायकारक आहे. आम्लावर क्षार, क्षारावर आम्ल, हा हिशेब शाळेतल्या प्रयोगशाळेत ठीक. सुश्रुतानेही क्षार लावलेल्या जागेवर आंबट द्रव्य घालून त्याचे शमन करण्यास सांगितले आहे. पण ते वैद्याच्या डोळ्यांसमोरच्या, मोजक्या जागेवरच्या क्षाराविषयी. पोटात किती गेले, कोठे साचले हे दिसत नसताना तो हिशेब मांडणे म्हणजे उलटीला निमंत्रण देणे होय. आणि तोवर जळायचे ते जळून गेलेले असते.

तेव्हा करायचे ते थोडेच आहे. बाटली दूर करावी. तोंड पाण्याने चूळ भरून धुवावे आणि ते पाणी थुंकून टाकावे. लहान मुलाचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे संथ धारेने डोळा धुवावा. पोटात काही देऊ नये; ते डॉक्टरांवर सोपवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. ज्या बाटलीतून घोट घेतला ती बाटली, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी. आत काय होते हे डॉक्टरांना तीच सांगते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. रॉकेल हे काही जाळणारे द्रव्य नव्हे, त्याचा धोका फुप्फुसाला. पण उलटी करवू नये हा नियम तेथेही तोच.

एका नव्या शत्रूचे नाव येथे घेतले पाहिजे. दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये, खेळण्यांत, वजनकाट्यांत नाण्यासारखी चपटी चकचकीत बॅटरी असते. ती फुटून आतले रसायन बाहेर येते म्हणून जाळते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या भिंतीतून वीज वाहू लागते आणि त्या जागी क्षार तयार होतो. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मुलाने नाणे गिळले असे वाटले तरी ती बॅटरी नसेलच असे धरून चालू नये. ताबडतोब क्ष-किरण चित्र काढावे. या एका बाबतीत मात्र तोंडाने काही देण्याला मुभा आहे. मूल एका वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि बॅटरी गेल्याला बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, फार तर सहा वेळा, देता येतो. पण मध शोधण्यात एक क्षणही घालवू नये.

कायद्याने काही होते काय? होते, याचा दाखला इतिहासात आहे. अमेरिकेत शेव्हेलियर जॅक्सन या नावाचे घशाचे एक प्रख्यात शल्यवैद्य होऊन गेले. लाय म्हणून ओळखला जाणारा कॉस्टिक क्षार साखर समजून खाल्लेली मुले त्यांच्याकडे येत. मुलांच्या आवळलेल्या अन्ननलिका रुंदावण्यात त्यांची हयात गेली; परंतु एकेक नळी उघडत बसून हा ओघ थांबणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि दाहक द्रव्यांच्या डब्यांवर 'विष' असे ठळक छापणे सक्तीचे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १९२७ साली तसा कायदा झाला. पुढे १९७० साली, लहान मुलाला सहज उघडता येणार नाहीत अशा झाकणांचाही कायदा त्या देशाने केला. आपल्याकडे विषांसंबंधीचा कायदा १९१९ सालचा आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी यांच्या खटल्यात ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले : खरेदीदाराने ओळखपत्र दाखवावे, दुकानदाराने नोंदवही ठेवावी, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकू नये. हे निर्बंध ॲसिड फेकण्याचे अमानुष गुन्हे थांबावेत म्हणून घातले गेले. त्यांचा लाभ घरातल्या मुलालाही मिळावा. पण एक गोष्ट कोणत्याही न्यायालयाला दिसत नाही : दुकानातून आणलेले ॲसिड घरात कोणत्या बाटलीत ओतले गेले. तेथे कायदा संपतो आणि आपले घर सुरू होते.

म्हणून घरापुरते चार नियम सांगतो. जाळणारे द्रव्य मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीही काढू नये. पाण्याच्या, सरबताच्या, दारूच्या बाटलीत तर नाहीच नाही. सुटे ॲसिड आणूच नये. ते मोरीत किंवा जमिनीवर न ठेवता मुलाचा हात पोचणार नाही अशा फडताळात, कुलपात ठेवावे. खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि तो फुप्फुसे जाळतो. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलाला खेळायला देऊ नये. ती दाबताच फुटून चुना डोळ्यात उडतो आणि डोळा जाऊ शकतो. सोनारकाम, गॅरेज, उपाहारगृह, मासळीचे कारखाने, जेथे जेथे अशी द्रव्ये लागतात, तेथील मालकांनी कामगाराचा पाण्याचा तांब्या आणि रसायनाचे भांडे यांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. तहानलेला मोठा माणूसही मुलासारखाच डोळे मिटून घोट घेतो.

आणखी एक सांगायचे आहे, आणि ते नियमांहून महत्त्वाचे आहे. असा अपघात झाला की घरात पहिला प्रश्न येतो : बाटली कोणी ठेवली? बोट बहुधा आईकडे, सुनेकडे किंवा कामाला येणाऱ्या बाईकडे वळते. या धाकाने ती बिचारी 'जरासे ओठाला लागले असेल' असे म्हणून वेळ मारून नेते. मूलही मार बसेल म्हणून गप्प राहते. त्या गप्प राहण्यात तपासणीचे पहिले चोवीस तास निघून जातात. आम्ही वडीलधाऱ्यांना हात जोडून विनवितो की, त्या दिवशी कोणालाही रागावू नये. बाटली तेथे ठेवण्याची सवय एकट्या बाईची नसते, ती सगळ्या घराची असते. त्या दिवशी विचारायचे ते इतकेच : काय प्यायला, केव्हा, आणि बाटली कोठे आहे.

आणि रुग्णालयातून घरी आल्यावर महिना-दोन महिने मुलाच्या ताटाकडे लक्ष ठेवावे. ते घास लहान करू लागले, प्रत्येक घासाबरोबर पाणी मागू लागले, भाकरी टाळून पेजच मागू लागले, तर ते लाडावले आहे असे समजू नये. वाट आवळू लागल्याची ती पहिली खूण आहे, आणि लवकर ओळखली तर ती वाट पुष्कळ कमी कष्टांत उघडता येते.

सभा संपल्यावर आपण घरी जाल. आंब्याची आढी लावलेली असेल, पोरेबाळे अंगणात निजण्याच्या तयारीत असतील. निजण्यापूर्वी दिवा घेऊन मोरी, न्हाणीघर आणि ओटीवरचा कोनाडा एकदा पाहून यावे, आणि जी बाटली आपले खरे नाव सांगत नाही ती आजच घराबाहेर काढावी. इतके झाले तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.